छज्ज्याखालचं मोहोळ

बाजाराचा दिवस होता. दाखल्यांसाठी खेड्यापाड्यांतून आलेली माणसं तालुक्याच्या प्रशासकीय इमारतीच्या पोर्चमध्ये सकाळपासून रांगेत उभी होती. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. शाखा अभियंता म्हणून या इमारतीची देखभाल माझ्याकडे आहे. टाकीची गळती बघायला मी गच्चीवर गेले होते. तिसऱ्या मजल्याच्या छज्ज्याखाली आग्यामोहोळाची सात पोळी होती. नोव्हेंबरपासून ती तिथं आहेत, हे मला माहीत होतं.

वाकून मी जवळच्या पोळ्याकडे बघत होते. दोन हात रुंद, वरपासून खालपर्यंत माश्यांनी मढलेलं. एक गांधीलमाशी जवळ आली आणि पोळ्यावरून सरसर एक लाट गेली. हजारो माश्यांनी एकीमागून एक आपलं बूड वर उचललं आणि खाली घेतलं. शत्रूला पळवायची ही त्यांची रीत. गांधीलमाशी परत फिरली.

तेवढ्यात खालून धूर आला. झाडलोटीच्या माणसांनी पाचोळ्याचा ढीग नेमका छज्ज्याखाली लावून पेटवला होता. "विझवा, विझवा!" मी वरून ओरडले, पण तोवर मोहोळ उठलं होतं.

मी जिन्यानं धावत खाली आले. पोर्चमध्ये माणसं हात झाडत, टॉवेल फिरवत सैरावैरा पळत होती. एक माशी चावली की त्या जागी पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो, आणि त्या वासावर बाकीच्या तुटून पडतात. तो वास त्या दिवशी मला खरोखर आला. शिपाईमामांनी आणि मी लोकांना आत घेऊन दारं-खिडक्या लावल्या. एक आजोबा तेवढे बाहेर राहिले, गुडघ्यांमुळे त्यांना पळता येईना. मामा सतरंजी पांघरून गेले आणि त्यांना आत घेऊन आले.

आजोबांच्या डोक्यावर, कानांवर, मानेवर काटेच काटे. काट्याबरोबर विषाची पिशवी कातडीतच राहते आणि विष सोडत राहते, म्हणून मी नखांनी भराभर खरवडत होते. त्यांचे ओठ सुजले, आवाज बसला. "पोरी, दम लागतोय गं," म्हणाले. १०८ ची गाडी आली, रुग्णालयात अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन वेळेत मिळालं. आजोबा वाचले.

संध्याकाळच्या बैठकीत एकच मागणी होती, आज रात्रीच जाळून टाका. लोकांचा राग मला कळत होता. पण आदल्या वर्षी फवारणीचं अंदाजपत्रक मीच केलं होतं. त्या फवारणीच्या दुसऱ्या दिवशी झाडूवाल्या मावशींनी मेलेल्या माश्या सुपानं भरल्या, त्यात काही अजून पाय हलवत होत्या. भिंतीला चिकटलेलं मेण मात्र आम्ही तसंच ठेवलं, आणि त्याच्या वासावर नोव्हेंबरात नवे थवे त्याच जागी आले. माश्या मारूनही जागा आम्ही त्यांच्यासाठी राखूनच ठेवली होती. शिवाय तालुक्यात तेव्हा कांद्याच्या बियाण्याचे गोंडे फुलले होते. माश्या फिरल्या नाहीत तर त्यात बी भरत नाही, हे बैठकीतल्या निम्म्या लोकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. जाळायला मी नाही म्हटलं.

पोर्च बंद करून ये-जा बाजूच्या दारानं सुरू केली. पुण्याच्या केंद्रीय मधुमक्षिका संशोधन व प्रशिक्षण संस्थेत शिकून आलेला एक तरुण वाडीवर होता, त्याला बोलावलं. "मॅडम, अवसेपर्यंत थांबा," तो म्हणाला. आग्या माश्या चांदण्यातसुद्धा उडतात. अवसेच्या रात्री लाल कागद लावलेल्या बॅटरीच्या उजेडात, कारण लाल रंग माश्यांना दिसत नाही, त्यानं मंद धूर देत माश्या हलवल्या आणि पुढच्या बाजूची पाच पोळी उतरवली. पोळ्यांतली पिल्लं गेली. माझ्या मनाला ते अजून लागतं. मागच्या भिंतीची दोन पोळी ठेवली. त्या बाजूला कोणी जात नाही, आणि उन्हाळ्यात ती आपोआप रिकामी झाली.

मग खरं काम. मेण कणाकणानं खरवडलं, जागा गरम पाण्यानं धुऊन रंगवली. छज्ज्याच्या कडेपासून भिंतीपर्यंत तिरकी जाळी ठोकली, म्हणजे लटकायला सपाट तळ उरत नाही. रात्री माश्या दिव्यावर झेपावतात, म्हणून वर तोंड केलेला हॅलोजन जमिनीकडे वळवला. पाचोळ्यासाठी खताचा खड्डा खणला आणि आवारात काहीही जाळायचं नाही, ही अट झाडलोटीच्या निविदेत घातली. या सगळ्याला फवारणीपेक्षा जास्त पैसे लागले, त्यासाठी मी तीन वेळा फाइल फिरवली.

नोव्हेंबरात जागा शोधणाऱ्या माश्या आल्या. जाळीपाशी दोन दिवस घोटाळल्या. तिसऱ्या दिवशी त्या मागच्या भिंतीकडे गेल्या. तिथं आता तीन पोळी आहेत, आणि तिकडची पायवाट मी तारेचं कुंपण घालून बंद करून घेतली आहे.