पार्क न सांगता जे करून देतो

सोमवार

दरवर्षी त्याच थीम पार्कात जाणाऱ्या कुटुंबांना लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. त्या पार्काने दिवसभरातले शंभर बारीक निर्णय त्यांच्या डोक्यावरून उतरवलेले असतात. स्वच्छतागृह कुठे, सावली कुठे, पोर दमलं तर बसायचं कुठे, पाऊस आला तर पळायचं कुठे, आणि हे संपल्यावर पुढे काय. फ्लोरिडातल्या मॅजिक किंग्डममध्ये मुख्य रस्त्याच्या टोकाला किल्ला उभा आहे तो उगाच नव्हे. लांबून दिसणाऱ्या आणि पावलांना आपोआप आपल्याकडे ओढणाऱ्या अशा खुणेला वॉल्ट डिस्ने 'वीनी' म्हणत. त्याच रस्त्यावरच्या इमारतींचे वरचे मजले मुद्दाम लहान मापाचे बांधले आहेत, म्हणजे त्या आहेत त्यापेक्षा उंच वाटतात. 1971 पासून तिथे येणाऱ्या माणसाला नकाशा न उघडताही कुठे जायचं ते कळतं.

पार्क सोडून सहलीला निवडलेल्या नव्या जागी यातलं काहीच नसतं. तिथली सहल फसली की दोष जागेला दिला जातो. खरं म्हणजे पार्क जे काम गुपचूप करत होता ते इथे कुणी अंगावर घेतलेलंच नसतं. म्हणून नवी जागा निवडण्याआधी जुन्या पार्काचे सुटे भाग करून पाहावेत.

कृती सोपी आहे. घरातल्या प्रत्येकाने, एकमेकांचं न बघता, पार्कातले तीन क्षण कागदावर लिहायचे. राइडचं नाव लिहायचं नाही, क्षण लिहायचा: गाडी अंधारात शिरण्याआधीची धडधड, भिजलेले कपडे घेऊन हॉटेलवर परत येणं, आजीने बाकावर बसून येणारं-जाणारं जग बघणं. ज्याला लिहिता येत नाही त्याने चित्र काढावं. मग प्रत्येक क्षणातून गरज काढायची: वेग, पाणी, अंधार, मोकळं हुंदडणं, नुसतं बसणं. अशा कागदांत हॉटेलचा पोहण्याचा तलाव ज्या संख्येने येतो ती पाहून मोठ्यांना थोडं अपमानित वाटतं. इतकी महागडी तिकिटं काढून पोरांना आवडलं काय, तर पाणी! पण बेत आखणाऱ्याला याहून चांगली बातमी नाही, कारण तलाव कुठेही मिळतो.

आणि एक. बदलाला विरोध मुलांचाच असेल असं धरून चालू नये. पुष्कळदा पार्क आईबापांना सुटत नाही. पोरगी तेरा वर्षांची झाली तरी त्यांच्या डोळ्यांपुढे ती चार वर्षांचीच, फुगा धरून उभी असते.

मंगळवार

राइडपाशी मुलांची किमान उंची बघणाऱ्या पट्टीबद्दल थोडं. 'आता तो सगळ्या राइडना चालतो, म्हणून अजून एकदा तिथेच' हा युक्तिवाद नेहमीचा. पट्टी मात्र जागेनुसार बदलते. डिस्नेची स्पेस माउंटन ही रोलरकोस्टर फ्लोरिडातल्या पार्कात 112 सेंटिमीटरला सुरू होते, कॅलिफोर्नियातल्या पार्कात 102 ला. नाव तेच, मधे एका पोराच्या वर्षभराच्या वाढीहून जास्त अंतर. नव्या जागीही अशी मापं असतात: दोरावरून घसरण्यासाठी किमान वजन, घोड्यावर बसण्यासाठी किमान वय, गुहेच्या लांब फेरीसाठी किमान वय. ती फोटोंत दिसत नाहीत, तिकिटाखालच्या बारीक अक्षरांत असतात. सर्वांत लहान मेंबराचं वय, वजन आणि उंची कागदावर घेऊन बसावं आणि मगच बुकिंग करावं.

बुधवार

सवय एकदम मोडायची नसेल तर मधली पायरी आहे: ज्याच्या पोटातच पार्क आहे असं शहर. कोपनहेगनचं टिवोली 1843 साली उघडलं आणि ते मुख्य रेल्वे स्टेशनला लागूनच आहे. सकाळ शहराला द्यायची, संध्याकाळ पार्काला. इथली रुट्शेबानेन ही लाकडी रोलरकोस्टर 1914 पासून धावते आणि तिच्या प्रत्येक गाडीवर अजूनही एक ब्रेकमन बसतो. उतारावर गाडीला किती आवरायचं ते हा माणूस हाताने ब्रेक ओढून ठरवतो. संगणकावर चालणाऱ्या राइडची सवय झालेल्या मुलांना ही गोष्ट आधी सांगून ठेवावी. मग ती रांगेतून राइडकडे न बघता त्या माणसाच्या हाताकडे बघतात.

इथे दोन गोष्टींनी हिरमोड होतो. एक, प्रवेश आणि राइडचे पैसे वेगवेगळे असतात; नुसतं प्रवेशाचं तिकीट काढून आत गेलं की पहिल्या राइडपाशी वाद सुरू. दोन, टिवोली वर्षभर सलग उघडं नसतं. हंगाम असतात, आणि दोन हंगामांच्या मधल्या आठवड्यांत दारं बंद. विमानाची तिकिटं काढण्याआधी हे बघायचं, नंतर नाही. जूनमध्ये तिथे साडेसतरा तास उजेड असतो, तेव्हा खोलीला जाड पडदे आहेत का हेही विचारून घ्यावं. रात्री दहाला बाहेर लख्ख दिसत असताना पाच वर्षांचं पोर झोपत नाही, आणि मग दुसऱ्या दिवशीच्या चिडचिडीचं खापर कोपनहेगनवर फुटतं.

शुक्रवार

रांगेचा विचार दोन दिवस डोक्यात आहे. पार्क सोडला की रांग सुटते असं वाटतं, पण वाट पाहणं सुटत नाही. फक्त त्याची जात बदलते.

अमेरिकेतल्या यलोस्टोनचं ओल्ड फेथफुल घ्या, म्हणजे थोड्या-थोड्या वेळाने उकळतं पाणी उंच उडवणारा झरा, गीझर. यलोस्टोन हे 1872 साली राखीव केलेलं जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. न्हाणीघरातल्या गीझरला ज्यावरून नाव मिळालं तसले खरे गीझर इथे शेकड्यांनी आहेत. ओल्ड फेथफुल साधारण दीड तासाने उडतं, पण घड्याळ लावून उडत नाही. आधीचा उद्रेक किती मिनिटं चालला यावरून पुढच्याचा अंदाज बांधतात: अडीच मिनिटांच्या आत आटोपला तर पुढचा साधारण तासाभराने, जास्त चालला तर दीड तासाने. जाहीर वेळेत दहा मिनिटं इकडे-तिकडे धरलेलीच असतात. पाणी 30 ते 55 मीटर वर जातं आणि दीड ते पाच मिनिटांत खेळ खलास. इथेच पार्काच्या सवयीचं कुटुंब फसतं. जाहीर वेळेला धावत येतं, पाच मिनिटं वाट पाहतं, नुसती वाफ बघून कंटाळतं, पोराला स्वच्छतागृहात नेतं आणि पाठीमागून लोकांचा आवाज ऐकतं. जाहीर वेळेच्या वीस मिनिटं आधी बाकावर बसायचं. आधीचा उद्रेक पाहिला असेल तर तो किती वेळ चालला ते मुलांकडून मोजून घ्यायचं आणि पुढची वेळ त्यांनाच वर्तवायला लावायची. मग वाट पाहणं हाच खेळ होतो. पार्कात वाट पाहण्याच्या वेळेचा आकडा पाटीवर असतो. इथे तो मुलाच्या हातात येतो.

आता रस्ते. आतला मुख्य रस्ता इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आणि सुमारे 230 किलोमीटरचा. कागदावर तीन-चार तासांचा वाटतो. पण वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी 72 किलोमीटर, त्यात रस्त्यावर बायसन, म्हणजे तिथले गवे. रानगव्यांचा कळप डांबरावर ठाण मांडतो तेव्हा हॉर्न वाजवून उपयोग नसतो, आणि ते शहाणपणाचंही नाही. खालचं वेटोळं एका दिवशी, वरचं दुसऱ्या दिवशी, हाच हिशोब बरा. उत्तरेकडून ईशान्येच्या दाराकडे जाणारा रस्ता सोडला तर बाकीचे रस्ते साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत गाड्यांना बंद असतात. मेमध्येही बर्फ पडू शकतो.

गव्यापासून 23 मीटर आणि अस्वल-लांडग्यापासून 91 मीटर लांब राहायचा नियम आहे. मुलांना मीटर कळत नाहीत, अंगठा कळतो: हात सरळ पुढे धरायचा, एक डोळा मिटायचा, अंगठा उभा करायचा. अख्खा प्राणी अंगठ्याआड गेला तर ठीक, कान-शेपूट बाहेर दिसत असेल तर मागे सरायचं. गवा माणसाच्या तिप्पट वेगाने धावतो, हे वाक्य एकदा सांगितलं की पुन्हा ओरडावं लागत नाही. गरम झऱ्यांजवळून जाणारा फळ्यांचा मार्ग मात्र कुठल्याही परिस्थितीत सोडू द्यायचा नाही. पार्कातली जमीन खरी असते. इथे झऱ्यांभोवतालचा पापुद्रा वरून घट्ट दिसतो आणि खाली उकळतं पाणी असतं. इतक्या उंचीवर पाणी 93 अंशांनाच उकळतं, पण भाजायला तेवढं पुष्कळ. गाडीतून उतरण्याआधी लहान मुलाचा हात धरायचा, उतरल्यावर नव्हे.

ओल्ड फेथफुल 2,240 मीटर उंचीवर आहे. पहिल्या दिवशी मोठ्यांचं डोकं दुखतं आणि मुलं विनाकारण रडतात. पाणी पाजत राहावं, पहिल्या दिवशी चढ घेऊ नये.

शनिवार

सगळ्यांना यलोस्टोन जमणार नाही. जवळ खडकाळ समुद्रकिनारा असेल तर खडकांतली पाण्याची डबकी ही माझ्या मते सर्वांत कमी लेखलेली सहल आहे. तिकीट नाही, रांग नाही. खेकडे, समुद्रफुलं, तारामासे. फक्त वेळापत्रक आपलं नसतं, चंद्राचं असतं.

भरती-ओहोटीचा तक्ता आधी घ्यावा. बहुतेक किनाऱ्यांवर एका ओहोटीपासून दुसरी ओहोटी सुमारे 12 तास 25 मिनिटांनी येते, म्हणजे आज सकाळी 7 ला असलेली ओहोटी उद्या 7:50 च्या सुमारास, परवा 8:40 ला. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती. तेव्हा ओहोटीही खोल जाते आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा फारसं काही दिसत नाही. सुट्टीच्या तारखा हलवता येत असतील तर आधी तक्ता बघून मग खोली घ्यावी. उलटं केलं की पहाटे साडेचारची ओहोटी वाट्याला येते.

ओहोटीच्या सव्वा-दीड तास आधी पोचायचं, उतरत्या पाण्यामागे खाली जायचं आणि पाणी वळलं की परत फिरायचं. घात होतो तो वळल्यानंतर. पहिल्या तासात पाणी भरतीच्या एकूण उंचीच्या जेमतेम बाराव्या हिश्शाने चढतं, म्हणून वाटतं की अजून वेळ आहे. दुसऱ्या तासात दोन हिस्से आणि तिसऱ्या-चौथ्या तासांत मिळून बारापैकी सहा, म्हणजे निम्मी भरती त्या दोन तासांत येते. आल्या वाटेवर गुडघाभर पाणी दिसतं ते तेव्हाच. फोनवर गजर लावावा, ओहोटीच्या वेळेनंतर अर्ध्या तासाचा, आणि तो वाजला की एकही 'पाचच मिनिटं' ऐकायचं नाही.

चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत. हिरव्या शेवाळावर पाय टाकायचा नाही. करडे, खरखरीत शंख चिकटलेले खडकही कापतात. दगड उचलला तर होता तसाच, त्याच बाजूने अलगद ठेवायचा, कारण त्याच्याखाली ओल धरून बसलेला जीव उन्हात मरू शकतो. बादली न्यायचीच नाही. आणि पाठ समुद्राकडे करायची नाही, फोटोसाठीसुद्धा.

रविवार सकाळी

बंद दारांची नोंद राहिलीच होती. पार्क बहुधा रोज उघडा, त्यामुळे साप्ताहिक सुट्टी ही कल्पनाच डोक्यात राहत नाही. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, तिथलंच ओर्से संग्रहालय सोमवारी बंद, ताजमहाल शुक्रवारी बंद. ॲमस्टरडॅमच्या ॲन फ्रँक हाउसची तिकिटं दारात मिळतच नाहीत. दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांची ऑनलाइन खुली होतात. असं एखादं ठिकाण बेतात असेल तर विमानाच्याही आधी त्याची तारीख पक्की करावी आणि बाकीची सहल तिच्याभोवती रचावी.

पासपोर्टही आत्ताच काढून बघावेत. बऱ्याच देशांत मोठ्यांचा 10 वर्षांचा असतो, मुलांचा 5 वर्षांचाच, त्यामुळे नेमका सर्वांत धाकट्याचा संपलेला निघतो. पुष्कळ देश पुढची सहा महिन्यांची मुदत मागतात. एकच पालक मुलांना घेऊन जात असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र बरोबर ठेवावं.

गुहा निवडली असेल तर स्वेटर बॅगेच्या तळाशी नको. अमेरिकेतल्या केंटकीची मॅमथ केव्ह, जगातली ज्ञात असलेली सर्वांत लांब गुहा, भर उन्हाळ्यातही आत 12-13 अंशांवर असते. छत खाली येतं म्हणून पाठीवर मूल घ्यायच्या पिशव्या आणि ढकलगाड्या तिथल्या फेऱ्यांना चालत नाहीत. दोन वर्षांचं मूल शेकडो पायऱ्या कडेवरून न्यावं लागेल, ते कोण नेणार हे आदल्या रात्री ठरलेलं बरं. आधी दुसऱ्या गुहेत घातलेले बूट आणू नयेत. वटवाघळांना मारणारी बुरशी बुटांवरून पसरते.

वेगाचा हिशोब: दिवसाला एकच मोठी गोष्ट, तीही जेवणाआधी. नकाशावरच्या वेळेत मुलं असतील तर एकतृतीयांश भर घालायची. तीन रात्रींच्या आत हॉटेल बदलायचं नाही, कारण सामान आवरणं, खोली सोडणं आणि नव्या खोलीची वाट पाहणं यात निम्मा दिवस जातो. खोली बहुधा दुपारी तीनशिवाय मिळत नाही. पोचायच्या दिवशी म्हणून एकही तिकीट काढायचं नाही. त्या दुपारी फक्त तलाव. पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नव्हे. खोली मिळण्याआधी तलाव वापरू देतात का, तो किती वाजता बंद होतो आणि त्या आठवड्यात दुरुस्तीसाठी रिकामा तर केलेला नाही ना, हे हॉटेलला फोन करून विचारायचं.