तुम्ही विचारलंत म्हणून: निकाल ठरलेला, मग थोर कोण?

सगळं आधीच ठरलेलं असतं, मग व्यावसायिक कुस्तीत थोर कोण हे ठरवता कशावरून? हा प्रश्न इतक्यांदा आणि इतक्या हेटाळणीने येतो की आता सविस्तरच सांगायला हवं.

बेल्ट, म्हणजे विजेतेपदाचे पट्टे, मोजून नाही. रिक फ्लेअरचा १६ जागतिक विजेतेपदांचा विक्रम जॉन सीनाने २०२५ मध्ये मोडला, पण बेल्ट कोणाला द्यायचा हे कंपनी ठरवते. १९९७ च्या रेसलमेनियात, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमात, स्टीव्ह ऑस्टिन ब्रेट हार्टकडून हरला. रक्ताने माखलेला, पाय गुंतवून पाठ वाकवणाऱ्या शार्पशूटर पकडीत अडकलेला, शुद्ध हरपली तरी शरण न गेलेला. रिंगमध्ये आला तेव्हा तो खलनायक होता, बाहेर पडला तो नायक होऊन. लोकांचं मन असं फिरवणं कागदावर ठरवून होत नाही.

आणि पडणं तर खरंच असतं. कॅनव्हासखाली पातळ फोम, त्याखाली फळ्या आणि पोलादी तुळया. पाठीवर पडताना हनुवटी छातीला टेकवायची, श्वास सोडायचा, भार पाठीच्या वरच्या भागावर घ्यायचा, हात बाजूला आपटायचे. हनुवटी सुटली की डोकं आपटलंच. पाइलड्रायव्हरमध्ये, म्हणजे उलटं धरून डोक्याकडून खाली नेण्याच्या डावात, तर तेही आपल्या हाती नसतं, मान समोरच्याच्या ताब्यात असते.

म्हणून मला समरस्लॅम हा कार्यक्रम आठवतो, १९९७ चाच, ३ ऑगस्टचा. ब्रेटचा भाऊ ओवेन हार्टने ऑस्टिनला पाइलड्रायव्हरसाठी पोटाला पोट लावून उलटं धरलं. या पकडीत सहसा गुडघ्यांवर उतरतात. मांड्या उभ्या राहतात आणि त्यांच्यामधलं डोकं जमिनीपासून वर राहतं. ओवेन खाली बसला. बसलं की मांड्या आडव्या होतात, ती उंचीच उरत नाही. ऑस्टिनचं डोकं आधीच मांड्यांच्या खाली आलेलं होतं. सगळा भार मानेवर आला. हातपाय हलेनात. ओवेन प्रेक्षकांना डिवचत वेळ काढत राहिला. मग ऑस्टिन कसाबसा सरपटत आला आणि ओवेनला मागून गुंडाळलं. त्या पकडीत जोर असा नव्हताच. ओवेन खांदे टेकवून पडून राहिला, तीन मोजून झाले, ऑस्टिन जिंकला. ठरलेला निकाल लागला. ऑस्टिनची मान मात्र पूर्ववत झाली नाही. पुढे त्याची शैली बदलली, आणि २००३ मध्ये तो थांबला.

समोरच्याचं शरीर धड ठेवतो तो थोर, असं मी ठामपणे म्हणायचो. मग ओवेनचं काय? तो त्या काळातल्या सर्वांत कुशल पैलवानांपैकी एक होता. एका चुकीने त्याला वगळायचं? वगळवत नाही.

जपानी पैलवान मित्सुहारू मिसावापाशी तर मी पुरताच अडतो. कावादा आणि कोबाशी यांच्याशी त्याच्या नव्वदच्या दशकातल्या लढतींइतकं उत्तम काम मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि त्याच लढतींत ते एकमेकांना मानेवर आपटत होते. २००९ मध्ये हिरोशिमात एका साध्या बॅक सुप्लेक्सनंतर, म्हणजे मागून उचलून आपटल्यानंतर, मिसावा उठला नाही, त्यातच गेला. माझ्या निकषाने तो यादीत बसत नाही. तरीही यादी करायला घेतली की पहिलं नाव त्याचंच येतं.