टीटी की मस्टँग? आधी हर्सूल ते खुलताबाद एक फेरी मारा

ज्या गावात २०१० च्या ऑक्टोबरात एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या गेल्या, त्या छत्रपती संभाजीनगरात दोन दारांची गाडी, म्हणजे कूपे, शोधणारा कोणी निघाला तर नवल नाही. अडचण वेगळीच आहे. मर्सिडीज सेडान कशी पारखायची हे दहा जण सांगतील. कूपे कशी पारखायची हे सांगणारा मिळत नाही. मग पुण्या-मुंबईहून आलेली जुनी गाडी बघायची, एकदा दणकून पिकअप घ्यायचा, आवाजावर भुलायचं आणि टोकन देऊन मोकळं व्हायचं, असं होतं.

सेकंडहँड बाजारात या दोन गाड्यांची तुलना हमखास होते. एक ऑडी टीटी, २०१५ ची तिसरी पिढी: २.० लिटर टर्बो, ताकद २३० पीएस, जोर (टॉर्क) ३७० न्यूटन मीटर, चारही चाकांना ताकद, वजन साधारण १३३५ किलो. दुसरी फोर्ड मस्टँग जीटी, २०१६ पासूनची: ५.० लिटर व्ही-८, ४०० पीएसच्या आसपास, ५१५ न्यूटन मीटर, ताकद फक्त मागच्या चाकांना, वजन १७०० किलोच्या पुढे. नव्या असताना दोन्ही साठ ते पासष्ट लाखांच्या घरात होत्या, म्हणून ही तुलना रास्तही आहे.

पहिला नियम क्रमाचा. छोटी गाडी आधी चालवा. व्ही-८ मधून उतरून टीटीत बसलात तर ती मिक्सरसारखी वाटेल आणि तिच्यावर अन्याय होईल. टीटी, मग मस्टँग, आणि जमलं तर शेवटी दहा मिनिटं पुन्हा टीटी. त्या शेवटच्या दहा मिनिटांत स्टिअरिंगमधला फरक जेवढा कळतो तेवढा आधीच्या तासाभरात कळत नाही.

निघण्याआधी आरसी, विमा आणि पीयूसी बघा. विमा सर्वंकष आहे ना, हे खास बघा; मालक शेजारी बसला म्हणून थर्ड पार्टी पॉलिसी त्याच्या गाडीचा पत्रा भरून देत नाही. गाडी आधी तापवून ठेवू नका, असं फोनवरच बजावून ठेवायचं. बोनेटला हात लावून गरम लागलं तर समजायचं की थंड इंजिनाचा पहिला आवाज आपल्यापासून लपवला गेलाय.

आता टायर. टायरच्या कडेवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. असल्या गाड्या वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर फिरतात, त्यामुळे नक्षी नव्यासारखी दिसते पण रबर उन्हाने कडक झालेलं असतं. पाच-सहा वर्षांच्या पुढचा टायर असेल तर समृद्धी महामार्गावर वेगाची चाचणी घेऊच नका. एकाच जागी महिनोन् महिने उभ्या गाडीचे टायर खालून चपटे होतात आणि साठ-सत्तरला घरघर येते. ती दहा-पंधरा किलोमीटरमध्ये कमी झाली तर टायरची, नाही झाली तर बेअरिंगची. हवा सकाळी थंड टायरवर मोजा. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की हवेचा दाब साधारण एक पीएसआय वाढतो, म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी पंपावर दिसणारा आकडा फसवा असतो. (नायट्रोजनचं फार मनावर घेऊ नका. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.)

रस्ता असा धरा. सुरुवात क्रांती चौकातून जालना रोडने, संध्याकाळच्या गर्दीत, एसी चालू ठेवून. स्पोर्ट्स कार कूर्मगतीने चालवायला कोणी घेत नाही, पण रोज तीच गत होणार. टीटीचा गिअरबॉक्स दोन क्लचचा आहे. सिग्नलला सरकताना तो धक्के देत असेल किंवा न्यूट्रलमध्ये खडखड येत असेल, तर क्लच किंवा फ्लायव्हीलचा खर्च डोक्यात धरा. या गिअरबॉक्सचं तेल ६०,००० किलोमीटरला बदलावं लागतं. तेवढं रनिंग झालेलं असेल तर त्याचं बिल मागा, तोंडी ‘झालंय’ चालत नाही. मस्टँगचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक गर्दीत मऊ असतो. त्याची परीक्षा पुढे मोकळ्या रस्त्यावर: साठ-सत्तरच्या वेगाने, ॲक्सिलरेटरवर पाय अगदी हलका ठेवून. गाडी बारीक खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरली, तर टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा भाग) लॉक होताना कुरकुर करतोय.

पुढे हर्सूलवरून सावंगी इंटरचेंज, समृद्धीवर चढायचं आणि माळीवाड्याला उतरायचं. इथे कारला मर्यादा १२० ची आहे, आणि नेमकं इथेच मोठ्या गाडीचं पितळ उघडं पडतं, म्हणजे ती वाईट आहे म्हणून नाही. मस्टँग दुसऱ्याच गिअरमध्ये शंभर ओलांडते. तिसरा गिअर पडेपर्यंत कायद्याने द्यायचं ते सगळं संपलेलं असतं, उरलेले तीन गिअर पेट्रोल वाचवायला. सहाव्यात शंभरला इंजिन दोन हजार फेऱ्यांच्याही खाली फिरतं. त्या मानाने टीटीत दुसरा-तिसरा गिअर पिळून काढता येतो, गाडी कष्ट करतेय हे कळतं आणि चलान येत नाही.

पिकअप मोजायचा तो थांबल्या जागेवरून नाही. ४० वरून १०० च्या वेगाला जायला किती वेळ लागतो ते बघा, एकदा गिअर हाताने धरून आणि एकदा गाडीवर सोडून. टीटीचा जोर १६०० फेऱ्यांपासून मिळतो, मस्टँगचा कमाल जोर ४२५० ला. म्हणून ट्रक ओलांडताना टीटी पटकन निघते आणि मस्टँगला आधी एक-दोन गिअर खाली यावं लागतं. हाच प्रयोग चार वेळा करा. चाळीस अंशांच्या दुपारी टर्बो इंजिनात जाणारी हवा तापत जाते, इंजिन स्वतःला वाचवायला ताकद कमी करतं. चौथ्या वेळी टीटी थोडी मंद होणं स्वाभाविक, पण फारच मरगळली तर इंटरकूलर (ही हवा थंड करणारी जाळी) किंवा पाइपची गळती तपासून घ्या. व्ही-८ ला टर्बो नाही, त्यामुळे तिच्यात हा उतार कमी दिसतो. मराठवाड्याच्या उन्हात हा तिचा खरा मोठेपणा, पण आवाजापुढे त्याबद्दल कोणी बोलत नाही.

काँक्रीटवर टायरचा घोंगा दोन्हींत येतो. शेजारच्याशी आवाज न चढवता बोलता येतं का, तेवढं बघा.

माळीवाड्याहून दौलताबाद, तिथली अरुंद जुनी वेस आणि पुढे खुलताबादचा घाट. रविवार टाळा. श्रावणी सोमवार तर टाळाच, घृष्णेश्वराच्या गर्दीत गाडीला दुसरा गिअर दिसणार नाही. वेशीपाशी रुंदीचा अंदाज येतो: मस्टँग आरसे सोडून १९१६ मिमी रुंद आहे आणि तिचं लांबलचक बोनेट संपतं कुठे हे आतून दिसत नाही. घाटात वेग चाळीस-पन्नासच ठेवा. टीटीचं नाक हाताबरोबर वळतं, वळणातून बाहेर पडताना चारही चाकं धरतात. मस्टँगमध्ये पाय सावकाश दाबावा लागतो; कडेच्या मातीवर मागचं चाक गेलं की ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकतो. तो दिवा लागणं बरोबरच आहे. बंद करून बघायचा मोह मात्र दुसऱ्याच्या गाडीत नको. टीटीत उलट तपासणी करा: सपाट, धुळीच्या जागेवरून जरा जोरात निघा. पुढची चाकं फिरत राहिली आणि मागची हललीच नाहीत, तर मागच्या ॲक्सलला ताकद देणारी हॅल्डेक्स कपलिंग काम करत नाहीये. बहुतेक वेळा तिचं तेल कधी बदललेलंच नसतं आणि पंपाची जाळी तुंबलेली असते.

घाट उतरताना ब्रेक. ऊर्जा वजनाच्या पटीत आणि वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. मस्टँगचे ब्रेक मोठे आहेत, पण त्यांच्यावरचं ओझंही तेवढंच. उतारावर चार-पाच वेळा नीट दाबा. पेडल खोल जायला लागलं तर ब्रेक ऑइल जुनं, स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क असमान. एका बाजूला ओढत असेल तर आधी टायरची हवा बघा, मग कॅलिपर (डिस्कला पॅड दाबणारा भाग).

आता सगळ्यात मोठा प्रश्न, ब्रेकर. भारतीय रोड काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. टीटीच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २५०५ मिमी, मस्टँगचं २७२०. म्हणजे मापाच्या ब्रेकरवर गाडी हळूहळू चढून उतरते आणि बहुधा टेकत नाही. गावकऱ्यांनी रातोरात घातलेला हातभर रुंदीचा ब्रेकर मात्र अख्खा पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये मावतो, मग त्याची जेवढी उंची तेवढी जागा गाडीच्या पोटाखाली हवीच. म्हणून टेप बरोबर न्या. टाकी भरलेली आणि दोघं बसलेले असताना पोटाखालची सगळ्यात कमी उंची मोजा, नंतर तुमच्या गल्लीतला ब्रेकर मोजा. आकडे जवळ आले तर सौदा तिथेच थांबवा. तिरकं घेतल्याने नाक वाचतं, पोट दर वेळी वाचेलच असं नाही. इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरची आणि पुढच्या बंपरच्या ओठाची खालची बाजू मोबाइलच्या टॉर्चने बघा. ओरखड्यांवरून आधीच्या मालकाची गल्ली कळते.

शक्य असेल तर बीड किंवा परभणीकडच्या काळ्या मातीतल्या रस्त्यावर पाच किलोमीटर तरी न्या. खालची माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते, डांबर लाटांसारखं होतं. ऐंशीच्या वेगाने लहान गाडी त्या लाटांवर उड्या मारते, जड गाडी तरंगते आणि मग एकदम बसते. पाठ दुखरी असेल तर निकाल इथेच लागतो. ऊसतोडीच्या हंगामात हे दिवसाच करा. दोन ट्रॉल्यांच्या मागे दिवा नसतो आणि या गाड्यांत तुम्ही बसलेले असता ट्रॉलीच्या पाट्याखाली.

परत आल्यावर लगेच किल्ली देऊ नका. गाडी वीस मिनिटं उभी ठेवा, चहा घ्या, मग बोनेट उघडा. टीटीच्या इंजिनावर थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाचं प्लास्टिकचं घर असतं, ते तडकून गळायला लागणं हे या इंजिनाचं नेहमीचंच दुखणं. कूलंटचा गोडसर वास किंवा वाळलेले गुलाबी डाग दिसले की भाव पाडा. मस्टँगखाली गिअरबॉक्सच्या जोडाशी तेलाचा थेंब आहे का बघा. मग दोन्ही गाड्या गरम असतानाच पुन्हा एकदा सुरू करा, आणि जी अर्ध्या सेल्फमध्ये उठत नाही तिच्या मालकाला बॅटरी किती जुनी ते विचारा.