खुब्याचे ऑपरेशन करायचे की थांबायचे: माझा अनुभव

उजव्या कुशीवर वळले की खुब्याच्या बाहेरच्या हाडावर ठणका लागून मध्यरात्री जाग येऊ लागली, तेव्हा मी ५४ वर्षांची होते, आणि पहिले चार महिने मी ते दुखणे कमरेचे समजून शेक आणि मलमांत घालवले. पुढे एका दवाखान्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतले. दीड महिना आराम पडला आणि दुखणे पुन्हा मूळ पदावर आले. एमआरआयमध्ये ग्लुटियस मीडियस या खुब्याच्या बाजूच्या स्नायूच्या कंडरेला, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाला, अर्धवट चीर असल्याचे निघाले. ‘फाटले आहे, शिवून घ्या,’ असे तिथे इतक्या सहजपणे सांगण्यात आले, की जणू झंपराची बाहीच उसवली होती.

दुसरे मत घेण्यासाठी ज्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले, त्यांनी फिल्म बाजूला ठेवली, मला भिंतीला एक बोट टेकवून उजव्या पायावर उभे केले आणि घड्याळ पाहत बसले. तीस सेकंद उभे राहायचे होते. अकराव्या सेकंदाला ओळखीची कळ आली, परंतु डावीकडची कंबर खाली झुकली नाही, म्हणजे स्नायूत ताकद शिल्लक होती, आणि डॉक्टरांचे सगळे लक्ष तिकडेच होते. पन्नाशीनंतर काहीही दुखत नसलेल्यांच्याही एमआरआयत अशा चिरा सापडतात, असे ते म्हणाले. कंडरा हाडापासून पूर्ण सुटली असेल, चालताना लंगड येत असेल, पाय बाजूला उचलण्याची ताकद गेली असेल, किंवा काही महिने नेटाने व्यायाम करूनही फरक पडला नसेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करायचा. मात्र ताकद जात असताना वाट पाहत बसायचे नाही, कारण स्नायूत चरबी भरली की कंडरा शिवूनही पुरेसे बळ परत येत नाही. शस्त्रक्रियेत हाडात अँकर, म्हणजे धागा धरून ठेवणारी छोटी खुंटी, बसवून कंडरा पुन्हा जोडतात आणि त्यानंतर साधारण सहा आठवडे कुबड्या वापराव्या लागतात, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले.

माझ्या बाबतीत आधी व्यायाम करून पाहायचे ठरले, पण त्याबद्दल मी साशंक होते. ऑस्ट्रेलियातील २०४ रुग्णांवरच्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्यायाम आणि सवयींतील बदल करणाऱ्यांपैकी ‘बरे वाटते’ म्हणणारे वर्षानंतरही इंजेक्शनवाल्यांपेक्षा अधिक होते, हे डॉक्टरांकडूनच कळले. सवयी मोडणे मला व्यायामापेक्षा जड गेले: ओट्याशी एका पायावर भार टाकून उभे राहणे, पायावर पाय टाकून बसणे. रात्री गुडघ्यांत उशी धरू लागले.

पाचव्या महिन्यात तीस सेकंद कळ न येता निघाले. जिने चढताना अजून थोडे दुखते, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी ठरली आहे. चालीत लंगड दिसली, तर मात्र त्याआधीच जायचे आहे.