गळ्यातली गाठ, तिसऱ्यांदा

गाठ काढली की विषय संपला असं मला दोनदा वाटलेलं. आठ वर्षांचा असताना गळ्याच्या बरोब्बर मधोमध बोराएवढी गाठ होती, सर्दी झाली की टरारून फुगायची, मग एकदा पिकली, चीर देऊन पू काढला आणि नंतर गाठ काढून टाकली. कॉलेजात परत तिथेच. परत काढली. मग जुन्या व्रणातच टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं आणि त्यातून चिकट पाणी झिरपायला लागलं, वाळलं की कॉलर कडक व्हायची.

तिसऱ्या सर्जन मॅडमनी गळ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या जीभ बाहेर काढा, तर भोकाजवळची कातडी चक्क वर ओढली गेली. मग विचारलं, हाड काढलेलं का? कसलं हाड? जुने कागद काढले तर दोन्ही वेळा फक्त गाठच काढलेली!

झालं असं की आईच्या पोटात असताना थायरॉइड जिभेच्या मुळाशी तयार होऊन खाली गळ्यात उतरते, ती ज्या वाटेने उतरते ती नळी नंतर बुजते, माझी बुजलीच नव्हती, त्यातच ही गाठ झालेली. आणि ही नळी हायॉइड नावाच्या हाडाला अगदी चिकटून जाते, त्यामुळे हाडाचा मधला तुकडा आणि जिभेच्या मुळापर्यंतची वाट सगळं एकत्र काढावं लागतं. सिस्ट्रंक ऑपरेशन म्हणतात, 1920 पासून माहीत असलेली गोष्ट, म्हणून जास्तच राग आला.

आधी अँटिबायोटिक देऊन इन्फेक्शन पूर्ण बसू दिलं. सोनोग्राफीत थायरॉइड जागेवर आहे ना ते बघितलं, कारण क्वचित कुणाची ती गाठ हीच एकमेव थायरॉइड असते, ती काढली तर जन्मभर गोळ्या. आधी हे कुणी बघितलं होतं का देव जाणे, कागदात तरी नव्हतं.

हाड काढल्यावर बोलता येईल का ही भीती होती, पण मधलाच तुकडा जातो, बोलण्या-गिळण्याचं काही बिघडत नाही. खरा त्रास थुंकी गिळायचा, पहिले दोन दिवस प्रत्येक घोटाला डोळ्यात पाणी. जखमेतलं पाणी बाहेर यायला लावलेली ड्रेनची नळी काढताना मात्र नुसतं सर्रकन काहीतरी सरकल्यासारखं वाटलं, बस. बायोप्सी साधी आली, कॅन्सर वगैरे नाही.

दोन वर्षं झाली, कोरडं आहे. आधी दोनदा उघडलेला गळा आहे, परत येणारच नाही असं नाही, हे मॅडमनी स्पष्ट सांगितलंय. त्यामुळे दाढी करताना अजून आरशासमोर जीभ बाहेर काढून बोट लावून बघतो, पोरं हसतात.