एफएक्स३० आला: बिल, बॉक्स आणि ते हँडल

मागच्या नोंदीत कॅमेरा ठरला होता, घ्यायचा कुठून ते राहिलं होतं. सोनी एफएक्स३० आता घरी आहे. ही नोंद फक्त खरेदीची, फुटेज पुढच्या वेळी.

पुण्यात हँडलसकट (कॅमेऱ्यावर बसणारी, माइक जोडायची मूठ) सेट मिळेना, म्हणून ऑनलाइन डीलर धुंडाळले. किंमत किती कमी सांगतायत, यावरून त्या सौद्यात काय गायब आहे ते बरंचसं कळतं. कॅमेऱ्यावर जीएसटी १८ टक्के (२०१९ च्या आधी २८ होता). म्हणजे १,१८,००० च्या वस्तूत १८,००० कर, एकूण किमतीच्या साधारण १५ टक्के. फरक तेवढाच असेल तर समजायचं, माल बिलाशिवाय मिळणार. आणि बिल नाही तर वॉरंटीच्या वेळी हात चोळत बसायचं. सीलबंद कॅमेरा निम्म्या किमतीत दिसला, तर बहुधा कॅमेराच अस्तित्वात नसतो.

खरी गोम हँडलची. मॉडेल नंबरच्या शेवटी 'बी' असेल तर नुसती बॉडी. साइटवर फोटो मात्र हँडलसकट! व्यावसायिक माइकसाठीची एक्सएलआर सॉकेट्स (जाड, तीन पिनांची) त्या हँडलवरच आहेत, बॉडीला फक्त ३.५ मिमीचं भोक. मला ढोल-ताशा पथकांचा सराव टिपायचाय, तिथे आवाज हेच अर्धं काम. त्यामुळे प्रत्येक डीलरकडून पूर्ण मॉडेल नंबर लेखी मागवला. दोघांनी उत्तरच दिलं नाही, काम सोपं झालं.

एका ठिकाणी ऑर्डर टाकली, तर 'कन्फर्म करायला' फोन. "सर, बॉक्समधली बॅटरी टिकत नाही, बॅग आणि फिल्टरचा कॉम्बो घ्या ना." नको म्हटल्याबरोबर स्टॉक संपला! जुनी युक्ती आहे: कॅमेरा पडत्या भावात दाखवायचा आणि कमाई किरकोळ सामानावर करायची. बॉक्समध्ये काय काय येतं ती यादी कंपनीच्या साइटवरून आधीच उतरवून ठेवा.

शेवटी ज्याच्याकडून घेतला त्याचा १५ अक्षरी जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकून पाहिला. लॉगिन लागत नाही. नाव, पत्ता, नोंदणी चालू आहे की रद्द, सगळं दिसतं. सुरुवातीचे दोन आकडे राज्याचे: २७ महाराष्ट्र, ०७ दिल्ली. दुसऱ्या राज्याचा नंबर म्हणजे लबाडी असं नाही, पण बिलावरचं नाव आणि पैसे घेणारं नाव एकच हवं. मालकाच्या खासगी खात्यावर यूपीआय करा म्हणणाऱ्याला तिथेच रामराम. पैसे क्रेडिट कार्डाने दिले, कारण कार्डावरचा व्यवहार बँकेकडे वादात टाकता येतो. शिवाय २०१९ च्या ग्राहक कायद्यामुळे डीलर दिल्लीचा असला तरी तक्रार पुण्यातल्या आयोगात करता येते. पैसे गेलेच तर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, लगेच फोन.

पार्सल फोडताना सलग व्हिडिओ घेतला. बॉक्स, बॉडी आणि बिल, तिन्हींवर सीरियल नंबर एकच. आयातदाराचं नाव आणि एमआरपी असलेलं स्टिकरही होतं; ग्रे मालावर (अधिकृत आयातदाराला वगळून आलेल्या) ते सहसा नसतं.

आता अडचण उन्हाची. याला बिल्ट-इन एनडी (प्रकाश कमी करणारा फिल्टर) नाही, आणि मुठेकाठचा सराव संध्याकाळी असला तरी सुरुवातीला प्रकाश भरपूर असतो. व्हेरिएबल एनडी (फिरवून कमी-जास्त करता येणारा) वापरणाऱ्यांनी सांगा: रंग न बिघडवणारा कोणता?