एसी घ्यावा की आधी सोलर बसवावे?

भुसावळ परिसरात घरांचे नकाशे काढण्याचा आणि बांधकामावर देखरेख ठेवण्याचा माझा व्यवसाय असल्याने, होळी झाली की ओळखीची मंडळी एकच प्रश्न घेऊन येतात : ‘भाऊ, यंदा एसी घ्यावा की आधी सोलर बसवावे?’ तुम्हीही तोच विचारलात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझे उत्तर असे, की या दोन्हींच्या आधी गच्चीवर खर्च करावा.

जळगाव, भुसावळ आणि धुळे ही गावे साधारण २१ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास येतात. त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. ज्या दक्षिण भिंतीसाठी लोक हौसेने रुंद सज्जे काढतात, तिच्यावर त्या दिवसांत ऊन जवळपास पडतच नाही. सगळा मारा गच्ची झेलते आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत. पाच इंचांचा काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ही उष्णता पोटात साठवतो आणि ती तीन-चार तासांनी खाली सोडू लागतो. म्हणूनच रात्री अंगणात वारा सुटलेला असताना वरच्या मजल्यावरच्या खोलीत झोप लागत नाही आणि पंखा छताखालची गरम हवाच अंगावर लोटत राहतो. अशा खोलीत एसी लावला, तर तो माणसांना गारवा देण्याआधी स्लॅब थंड करण्यातच वीज जाळतो.

आपल्या वाडवडिलांच्या धाब्याच्या घरांना हे दुखणे नव्हते. जाड मातीच्या भिंती, लाकडी सऱ्यांवर फळ्या आणि त्यावर मातीचा भरभक्कम थर अशी ती रचना होती. अर्थात पावसाळ्याआधी वर खारी माती टाकायची, गळती शोधायची, ही कटकट कुणालाच नको होती. त्यामुळे स्लॅब घातल्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही. स्लॅबवर ऊन पडू देऊ नये किंवा पडलेले परतवून लावावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

सर्वांत स्वस्त उपाय चुन्याचा. मार्चमध्ये गच्ची झाडून-धुऊन घ्यावी, आधीच भिजवून थंड केलेल्या चुन्यात थोडे फेविकॉल कालवून दोन हात द्यावेत. पावसात तो बराचसा धुऊन जातो, म्हणजे दरवर्षी पुन्हा द्यावा लागतो. मधल्या काळात त्यावर धूळ बसली की परिणाम उतरतो, म्हणून अधूनमधून झाडू फिरवावा. हा व्याप नको असेल, तर फरशीच्या पांढऱ्या तुकड्यांची चायना मोझेक करावी. ती महाग पडते, पण टिकते आणि नीट केल्यास गळतीलाही आवर घालते. नक्षीच्या मोहाने त्यात गडद तुकडे घालू नयेत. हिरवी जाळी बांधायची असेल, तर गच्चीपासून माणसाच्या उंचीवर बांधावी, म्हणजे खालून वारा खेळतो.

एवढे झाल्यावर उपकरणांकडे वळावे. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. दिवसाला १५ तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सुमारे २० युनिट वाचतात. आपल्या कोरड्या उन्हाळ्याला कूलरच उत्तम, मात्र समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर तो खोलीत नुसता दमटपणा भरतो. घरात वृद्ध किंवा आजारी माणूस असेल, तर एका खोलीपुरता एसी जरूर घ्यावा आणि तो २६ अंशांवर ठेवून जोडीला पंखा लावावा. घरगुती विजेचा दर १०० आणि ३०० युनिटांच्या टप्प्यांनंतर चढत जातो, त्यामुळे वाचलेले युनिट नेहमी सर्वांत महाग टप्प्यातले असते.

सोलर शेवटी. वापर आधी घटवला, तर तीन किलोवॅटऐवजी दोन किलोवॅटमध्ये भागू शकते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटला ६०,००० आणि तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान ठरले. पण अनुदान जास्त मिळते म्हणून संच मोठा घ्यावा, हा हिशेब मला पटत नाही. एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरून चालावे. पॅनेल तापले की उत्पादन थोडे घसरते, म्हणून ते गच्चीपासून उंचावर बसवावेत; त्यांच्या सावलीचा स्लॅबलाही फायदा होतो. धूळ पहाटे धुवावी, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये.

भाड्याच्या घरात राहणारे विचारतात, की आम्ही काय करावे? पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावण्याऐवजी बाहेरून बांबूची चिक सोडावी, कारण काचेतून आत आलेली उष्णता पडदा बाहेर काढू शकत नाही. चुन्याच्या खर्चाचे मात्र घरमालकाशी बोलून पाहावे. अर्धा खर्च तुम्ही उचललात, तरी तो बहुधा एका उन्हाळ्याच्या बिलातून निघतो.